ऐकणाऱ्यांकडे बघणारे काका

रोह्यात रविवारी सकाळी आम्ही काहीजण वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो आणि आपापलं लिखाण एकमेकांना वाचून दाखवायचो. वरसेहून एक काका यायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी स्वतःचं कधी काही वाचलं नाही.

ते वाचणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बाकीच्यांकडे तोंड करून बसत. "कंपनीत कान गेले माझे," त्यांनी एकदा सांगितलं. "नीट ऐकू येत नाय. म्हणून ऐकणाऱ्यांकडं बघतो."

वाचून झालं की सगळे छान म्हणायचे. काका मात्र पानावर बोट ठेवायचे. "इथं सगळ्यांनी पंखा बघितला." घरी जाऊन मी तेवढं खोडलं की गोष्ट सुधारायची. लिहायला मी असाच शिकलो.

मग माणसं कमी होत गेली. कुणाची बदली झाली, कुणी पनवेलला राहायला गेलं, कुणाला मोबाइलवर पाठवणं सोपं वाटू लागलं. एका रविवारी आम्ही दोघंच उरलो. आईच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलं होतं, ते मी वाचलं. काका सवयीने रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले होते.

"आज बघू कुणाकडं?" ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची फिरवून माझ्यासमोर घेतली. "परत वाच."

वाचता वाचता आई पाणी मागते तो भाग आला. तो मी सगळ्यात सजवून लिहिला होता. माझी नजर वर गेली.

काकांनी पानावर बोट ठेवलं.

"इथं तू पण पंखा बघितलास."