बाबांचा तिसरा तारा

शनिवारी संध्याकाळी माझे बाबा आकाशाकडे जसे बघायचे, तसं दुसरं कुणी बघताना मी पाहिलं नाही. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू. आमच्या शब्बाथला शुक्रवारी दिवे लागले, की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नाही. चूल नाही, काडी नाही, आणि विडीही नाही. रेवदंड्याच्या घरी शनिवार दुपारपासूनच बाबांचा चेहरा आंबट व्हायचा. आई आम्हाला दबक्या आवाजात सांगायची, "आज त्यांच्या वाटेला जाऊ नका." ऊन उतरलं की अंगणातून हाक यायची, "बघा गो, आले का?"

धाकटा भाऊ कंटाळून म्हणायचा, "आले, आले."

बाबा मान वर करून नीट बघायचे. "कुठाय तिसरा? घटकाभर आधी ओढायला मिळावी म्हणून देवाला फसवू? एवढी काय ती विडी गोड लागून गेलीय?" आणि परत ओटीवर जाऊन बसायचे. हात मात्र सारखा कानाकडे जायचा.

बाबा सुतार होते. एका कानावर पेन्सिल, दुसऱ्यावर विडी. लाकूड असो की माणूस, त्यांचं म्हणणं एकच: "ठोकून बघावं. पोकळ असलं तर आपणच सांगतं." चौथीनंतर आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. चारचौघांत बोलायला मी आधीपासूनच बुजायचे. बाबांना त्याचं काही वाटत नसे. पाहुण्यांना सांगायचे, "आमची रिबका बोलत नाही, पण बघते."

लग्नानंतर मी टोरोंटोला आले. पुढे बाबा एकटे पडले तेव्हा त्यांना इथे आणलं. इथे विडीच्या जागी सिगरेट आली, बाकी सगळं तेच. उन्हाळ्यात इथे सूर्य लवकर मावळतच नाही. बाबा बॅकयार्डच्या काचेशी उभे राहून म्हणायचे, "या देशात देवाने शनिवार ओढून लांब केलाय." शिवाय आमच्या घरावरून विमानं जातात. लांबून येणारं विमान हुबेहूब ताऱ्यासारखं दिसतं, म्हणून बाबा तारा पाहिला तरी तो हलतोय का ते बघत थांबायचे.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला आणि हॉस्पिटलात ठेवावं लागलं. फुप्फुसं खराब झालीत, आता सिगरेट ओढली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझी मुलगी शेरन मला ते मराठीत सांगताना रडली. मी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हनबीला, नवस बोलले, बाबांची सिगरेट सुटू दे, मी मलिदा करीन. घरी आल्यावर बाबांनी खरंच सोडली. मी पोहे भिजवले, खोबरं खवलं, वेलची घातली, फळं मांडली. आमची माणसं जमली, प्रार्थना झाली, आणि बाबांनी सगळ्यांच्या आधी मलिद्याचा घास खाल्ला. त्या दिवशी मी निर्धास्त झाले.

पुढल्या उन्हाळ्यापर्यंतच ते टिकलं. बेसमेंटमध्ये कपडे धुवायला गेले तर पिकल्या आंब्याचा वास आला. घरात आंबा नव्हता. दोन दिवसांनी तोच वास बाबांच्या स्वेटरला.

"काय गो, काय हुंगतेस?"

"काही नाही. धुवायला टाकते."

"परवाच तर धुतलास."

मी गप्प बसले, पण बघत राहिले. बाबा वॉशरूममध्ये जास्त वेळ बसू लागले, पंखा लावून. प्लाझातल्या दुकानांपर्यंत फेरी मारून येतो म्हणायचे आणि खिशावर हात ठेवून परत यायचे. तरीही माझी खात्री होत नव्हती. खात्री झाली ती शनिवारी. एवढा लांब शनिवार, आणि बाबा हसतमुख. शेरनशी पत्ते खेळतायत, तिला चिडवतायत. काचेशी कुणी आलंच नाही. बाहेर तीन सोडून दहा तारे दिसले तरी त्यांनी विचारलं नाही.

मी त्यांच्या स्वेटरच्या खिशात हात घातला. पेनासारखी एक नळी निघाली, तिला तोच आंब्याचा वास.

शेरन म्हणाली, "ओ माय गॉड, आजोबा, यू आर व्हेपिंग?"

बाबा शांत. "सिगरेट सोडलीय. ही वेगळी, बॅटरीवरची. हिला काडी लागत नाही, राख पडत नाही. विस्तव आहे का हिच्यात, दाखव."

"आणि शब्बाथला?" मी म्हणाले.

"तेच सांगतोय. विस्तवच नाही."

"मलिदा खाल्लात तुम्ही, बाबा."

"तुझा नवस सिगरेटचा होता."

एवढं मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मी म्हणाले, "आयुष्यभर तिसऱ्या ताऱ्यासाठी थांबलात. आता वॉशरूमचा पंखा लावून ओढता. विस्तव नाही, तर लपवता कशाला?"

बाबांचा कानाकडे हात गेला, तिथे काही नव्हतं.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. ते म्हणाले, सिगरेटपेक्षा कमी वाईट असेल, पण तुमच्या फुप्फुसांना हेही नको. हळूहळू सोडा. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "शनिवार तुला दिला. बाकीचे वार एवढ्यात मागू नकोस." तेव्हापासून शुक्रवारी दिवे लावायच्या आधी ते नळी आणून देतात. मी ती वेलचीच्या जुन्या डब्यात ठेवते.

पण संशय एकदा मनात शिरला की निघत नाही. प्लाझात अशा नळ्या ढिगाने मिळतात. दुसरी आणली असली तर? मी स्वेटर हुंगायची, पंख्याचा आवाज ऐकायची. शनिवारी बाबा पुन्हा चिडायला लागले, शेरनवर खेकसायला लागले, तेव्हा मला बरं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, माझ्यासाठी सोंग करत असले तर?

गेल्या शनिवारी ते काचेशी उभे होते. दिवसभर कुणाशी धड बोलले नव्हते. आकाशात दोन तारे होते, आणि झाडामागून एक विमान येत होतं. अजून लांब होतं, त्यामुळे हलत नसल्यासारखं. मी डबा घेऊन गेले.

"बाबा, झाले तीन. घ्या."

झाकण उघडून डबा पुढे धरला. आंब्याचा वास आला. बाबांनी डब्याकडे पाहिलं, मग वर. बराच वेळ वर बघत राहिले. त्यांच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती.

"ते विमान आहे," ते म्हणाले. "बापाला ठोकून बघतेस होय गो?"

मला मान वर करता येईना. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. विमान घरावरून गेलं. बऱ्याच वेळाने खराच तिसरा आला, तोही आधी त्यांनाच दिसला.

"आला. चहा टाक आता."

मी चहा केला. नळी त्यांनी मागितली नाही. का, ते मी विचारलं नाही.

रविवारी उठल्या उठल्या मी डबा उघडून पाहिला. होती.