पतीसोबत आलेल्या स्त्रिया

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत मुंबई कोणाची, यावर वर्तमानपत्रं रोज भांडायची. गिरणगावात माणसं कुठून आली आणि का आली याची पाहणी करायचं आमच्या सरांच्या मनात आलं, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मी, गिरगावची, छापील तक्ते छातीशी धरून डिलाईल रोडला जाऊ लागले. 'शितावरून भाताची परीक्षा,' सर सारखं म्हणायचे. त्यांनी आयुष्यात कधी शीत चेपून पाहिलं नसावं.

डोळे मिटले की अजून ती दुपार येते. खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाची तुसं तरंगतायत, रात्रपाळीचे कामगार गॅलरीत ओळीनं झोपलेत आणि ओल्या खोबऱ्याचा वास सगळ्यांवर पांघरूण घालतोय. खोली एका खानावळवाल्या काकींची. त्यांच्याच गावचे वीसेक कामगार तिथे जेवायचे.

"आदी जेव गो. मगे इचार," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी जेवल्याशिवाय कोणाला प्रश्न विचारता येत नसे.

सुकटीचं कालवण आणि भात पोटात गेल्यावर मला गुंगी आली, आणि त्या बोलू लागल्या. सासरी भांडून त्या कोकणातून एकट्याच बोटीनं आल्या होत्या. गोधडीत पाटा-वरवंटा गुंडाळून घेतलेला. आठ दिवसांत चूल मांडली. नवरा तीन वर्षांनी आला, तोही यांनीच आणला. मग गावचा एकेक माणूस धक्क्यावरून उतरवून घ्यायचा, जेवायला घालायचा आणि गिरणीतल्या मुकादमापुढे उभा करायचा. चुलीच्या धुरात मला ती बोट दिसत होती, काकींच्या मांडीवरचा तो जड पाटासुद्धा.

"घोव गेलो. आता गावात सांगतत, त्येनाच माका हाडल्यान म्हणान," त्या म्हणाल्या. नवरा वारला होता, आणि त्यानंच बायकोला मुंबईला आणलं, असं गाव आता म्हणत होतं. "कागदार तरी खरां ऱ्हवांदे. सगळा लिवलंस मां?"

"हो काकी, सगळं."

तक्त्यात बायकांसाठी कारणं दोनच होती, 'लग्नामुळे' आणि 'पतीसोबत'. बायकांना फार विचारत बसू नका, असं सरांनी बजावलंही होतं. मी 'पतीसोबत'वर खूण केली. पेंगेत केली, असं पुढे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. साफ खोटं. मी टक्क जागी होते, आणि मला सरांची शाबासकी हवी होती.

"छापला की हाड हा," असं काकींनी बजावलं होतं, म्हणून पाहणीची पुस्तिका छापून आल्यावर ती घेऊन गेले. त्यांनी पदराला हात पुसले, वाचता येत नसलं तरी पानं उलटली. नुसते रकाने आणि आकडे.

"यात मी खंय?"

मी 'पतीसोबत आलेल्या स्त्रिया' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे."

त्यांनी त्या आकड्यावरून हात फिरवला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांनी जेवत बसलेल्या एका कामगाराला हाक मारली. तो चौथी शिकलेला, रोज सगळ्यांना पेपर वाचून दाखवणारा. त्यालाही काकींनीच आणलेलं.

"वाच रे. मोठ्यान वाच."

त्यानं हात धुतला आणि पुस्तिका घेतली. रकान्याचं नाव वाचायला कितीसा वेळ लागतो? तो बघतच राहिला. भुवईत कापूस अडकलेला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लिवलाहा गो काकी," तो म्हणाला. "तू पयली इलंस. येकटी. मगे आमका सगळ्यांका हाडलंस. सगळा हा हयसर."

काकींनी पुस्तिका देवांच्या फळीवर ठेवली, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी. मग मला पाट दिला. "आदी जेव." मी जेवले.

आता काकी नाहीत, तो वाचणाराही नाही. त्यानं तोंडी वाचलं ते कागदावर कुठेच नाही, म्हणून मी लिहिते. त्या आधी आल्या. एकट्या आल्या, गोधडीत पाटा-वरवंटा घेऊन. नवऱ्याला त्यांनी आणलं.