पाणी घातलेलं औषध

विनीतच्या जांभया सुरू झाल्या तेव्हा अंजनी एका शालूला फॉल लावत बसली होती. सुट्टीचा दिवस, सकाळचे अकरा वाजले असतील. एकामागून एक जांभया, जबडा निखळेल की काय अशा. मग नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. बाहेर दिवाळीच्या आधीचा तापलेला उकाडा आणि याच्या दंडावर मात्र पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा काटा.

"सर्दी झालीय वाटतं," तो म्हणाला.

अंजनीने मान हलवली. सुईतून निसटलेला दोरा तिला पुन्हा ओवता येईना. सर्दी नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण हे जे काही होतं ते तिनेच आणलं होतं.

मांजर्लीतल्या त्या तळमजल्याच्या घरात आता दोघंच राहायची. नवरा धर्मराज अंबरनाथच्या कारखान्यात होता, त्याला जाऊन चार वर्षं झाली. अंजनी लग्नाआधी बी.ए. झालेली; नोकरी राहून गेली ती गेलीच. खिडकीला 'फॉल-पिको' अशी पाटी लावून तिने घर चालवलं. पोरगा तीस वर्षांचा. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात बटणाच्या मशीनवर बसायचा. तिथेच कुणाच्या तरी नादाने ब्राउन शुगर ओढायला लागला आणि त्याची सहा वर्षं त्या धुरात गेली. घरातली भांडी गेली, धर्मराजचं घड्याळ गेलं, आणि शेवटी बहिणीच्या बाळाचे चांदीचे वाळे गेले. त्या दिवसापासून सोनिवलीत दिलेल्या अक्षदाने भावाला उंबऱ्यावर उभं केलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याला मेथाडोन सुरू झालं. ब्राउनची तलफ थोपवून धरणारं पातळ औषध. रोज कामावर जाण्याआधी उल्हासनगरच्या व्यसनमुक्ती केंद्रावर जायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, सिस्टर इवल्या कपात ओतून देणार ते तिच्यासमोर प्यायचं, वर घोटभर पाणी, आणि मग आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. नाव नीट उमटलं म्हणजे औषध गिळलं, गालात धरलेलं नाही. विनीतने एक दिवस चुकवला नाही. मशीन परत मिळालं. कारखान्याचे सेठ म्हणायचे, "अम्मा, तेरा लडका तो घडी से भी पक्का है."

यंदा जूनपासून डॉक्टरांनी डोस उतरवायला घेतला, दर पंधरा दिवसांनी किंचित. आणि विनीतचं सगळं सुरळीत म्हणून आठवड्याच्या बाटल्या घरी द्यायला लागले. आईच्या ताब्यात, कुलपात ठेवायच्या या अटीवर.

"घाई करायची नाही हं, काकू," समुपदेशक जिज्ञासा म्हणाली होती. पोरगीच ती, अक्षदाच्या वयाची. "वर्ष लागेल, कदाचित जास्तही. इतकं हळू की शरीराला कळताच कामा नये."

वर्ष! अंजनीने मनात भाऊबीज धरली होती. गणपती झाल्यावर अक्षदाचा फोन आला तेव्हा तिने चाचपून पाहिलं होतं.

"एक सोडलं नि दुसरं धरलं, एवढंच झालंय ना, आई?"

"ते औषध आहे गं."

"मग औषध सुटू दे. सुटलं की पाठव भाऊबीजेला. मी पाट मांडते, ओवाळते, सगळं करते. पण बाटली घेऊन येणार असेल तर नको. माझ्या सासरी मी काय काय ऐकलंय ते तुला नाही माहीत."

त्या फोननंतर दोन दिवस अंजनीच्या डोक्यात एकच घोळत होतं: शरीराला कळताच कामा नये. विनीत अडीच वर्षांचा होता तेव्हा दुधाची बाटली सोडत नव्हता. सासूबाईंनी सांगितलं तसं तिने रोज दुधात पाणी थोडं थोडं वाढवत नेलं होतं, आणि तीन आठवड्यांत पोराने स्वतःच बाटली भिरकावून दिली होती. रडणं नाही, ओरडणं नाही. केवढं कौतुक झालं होतं तिचं घरात.

तेच तिने केलं. विनीत कामावर गेला की कपाट उघडायची, प्रत्येक बाटलीतून थोडं काढायची, तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घालायची. काढलेलं औषध मोरीत ओतायला मात्र हात धजेना. ते तिने काचेच्या जुन्या बाटलीत साठवलं आणि बाटली माळ्यावर, तांदळाच्या पिंपामागे सारली. घरात पाणी शिरलं त्या पुराच्या वर्षापासून घरातलं जपायचं ते सगळं माळ्यावरच असायचं.

पहिला आठवडा निभावला. दुसऱ्यात तो चिडचिडा झाला. तिसऱ्यात या जांभया.

मग हाडं दुखायला लागली. पाय एका जागी ठरेनात. बसला की हलायचे, निजला की झटके द्यायचे. पोट बिघडलं. सकाळी पांघरूण पिळून निघेल इतका घाम. कामावरून दोन दिवस लवकर आला, तिसऱ्या दिवशी गेलाच नाही. मोरीत बसून गुडघ्यांवर गरम पाण्याचे तांबे ओतत राहायचा. अंजनी तेल कोमट करून पोटऱ्या चोळायची.

"याला टर्की म्हणतात, आई. आमच्यातली पोरं म्हणायची. माल नाही मिळाला की अशी टर्की लागते."

"केंद्रावर फोन करूया का?" तिने विचारलं आणि विचारताविचारताच तिला घाम फुटला.

"काय सांगू? डोस तोच आहे. पंधरा दिवसांत त्यांनी कमीसुद्धा केलेला नाही." तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "म्हणजे औषधाचं काही नाही. मीच कच्चा आहे. बाकीच्यांचं उतरतं, माझं नाही उतरत."

अंजनी चोळत राहिली. सांगायला माणूस नव्हतं. धर्मराज असता तर आधी ओरडला असता, मग बाटली उचलून केंद्रावर घेऊन गेला असता. अक्षदाला सांगावं तर तिच्यासाठीच तर हे चाललं होतं. शेजारी विचारायचे, "विनीत दिसत नाही?" ती म्हणायची, "व्हायरल आहे." दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं, आणि प्रत्येक जण आपापल्या गुन्ह्यापाशी एकटा बसलेला. त्याचा तर गुन्हाही नव्हता.

थांबवू, असं तिने दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा भाऊबीजेचे दिवस मोजले. एवढं सोसलंय, आता थोडंच राहिलं.

शनिवारी सकाळी ती पिकोच्या मशीनवर असताना तो बाहेर आला. आंघोळ केलेली, बूट घातलेले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा शांत होता. असा चेहरा तिने त्या सहा वर्षांत पाहिला होता.

"कुठे रे?"

"उल्हासनगरला जाऊन येतो जरा."

"कामावर? आज?"

"राजूकडे."

राजू कोण हे तिला सांगायला नको होतं. वाळे त्यानेच विकून दिले होते.

"विनीत, जाऊ नकोस."

"एकदाच, आई. फक्त एकदा. पाय तोडून टाकावेसे वाटतायत गं मला. दोन वर्षं नुसती वाया... मला जमणार नव्हतंच." त्याने कडी काढली.

"मी पाणी घातलंय."

"काय?"

"औषधात. तीन आठवडे झाले. तुझ्या बाटल्यांत मी पाणी घालतेय."

तो दारातच उभा राहिला. ती भराभर बोलत सुटली. दुधाची बाटली, भाऊबीज, अक्षदा, सगळं एकात एक. मग स्टुलावर चढली, पिंपामागून काचेची बाटली काढली आणि त्याच्या हातात न देता छातीशी धरून खाली उतरली.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो बूट घातलेलाच जमिनीवर बसला.

"म्हणजे मी नव्हतो?" तो म्हणाला. "मी कच्चा नव्हतो?"

"नाही रे बाबा. नव्हतास."

त्याला हसू आलं, मग ते हसणं बिघडलं. बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि मान वर केली. "तुझ्या समोर मी गुरासारखा लोळत होतो, आई. तेल लावत होतीस तू मला."

तिने कपाटाचं कुलूप काढून उरलेल्या बाटल्याही बाहेर घेतल्या.

केंद्र एकपर्यंत उघडं असतं म्हणून ती त्याला घेऊन रिक्षा करूनच निघाली. सगळ्या बाटल्या पिशवीत. चिखलोली मागे पडली, अंबरनाथ गेलं. त्याचे पाय हलतच होते.

जिज्ञासाने सगळं ऐकून घेतलं. माळ्यावरची बाटली आणि उरलेल्या बाटल्या सिस्टरने मोजून ताब्यात घेतल्या.

"काकू, ही काचेची बाटली त्याने एका दमात प्यायली असती तर?" जिज्ञासा एवढंच म्हणाली. त्यात जीव गेला असता, हे अंजनीला सुचलंच नव्हतं.

डॉक्टरांनी विनीतला तपासून डोस पुन्हा बांधून दिला, आधीच्या आणि पाणी घातलेल्या डोसाच्या मधल्या पायरीवर. घरी बाटल्या देणं बंद. पुन्हा रोज खिडकी. अंजनी बाकावर बसून पाहत होती. कप. घोटभर पाणी. मग त्याचा आवाज, घसा बसलेला, पण पूर्ण:

"विनीत धर्मराज भोपी."

बापाचं नाव त्याच्या तोंडून तिने चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

आठवड्याभरात पाय थांबले. झोप यायला लागली. तो मशीनवर परत गेला. घरात मात्र एक नवीन रीत पडली. पाणी तो स्वतः माठातून घ्यायचा. चहा तिने दिला की आधी वास घ्यायचा, मग ओशाळून प्यायचा. ती बघितलं न बघितलं करायची.

अक्षदाला तिने फोन करून खरं ते सांगितलं.

"मी असं कर म्हटलं नव्हतं, आई."

"नव्हतं म्हटलंस. मीच केलं. आणि तो यंदा येणार नाही. औषध चालू आहे, पुढच्या वर्षीही असेल कदाचित. तुला जेव्हा जमेल तेव्हा जमेल."

फोन ठेवल्यावर तिने अर्धवट राहिलेला शालू पुरा केला.

भाऊबीजेच्या सकाळी आवारात माळा लागलेल्या, बायका ताटं घेऊन ये-जा करत होत्या. सोनिवलीहून कुणी आलं नाही. अंजनीने दाराला कान लावून वाट पाहिली, पण ती लेकीची नव्हती. विनीत केंद्रावर गेला होता; सुट्टीचा दिवस, आणि राजूची गल्ली तिथून फार लांब नाही.

साडेदहाला पावलं वाजली. विनीत दारात थांबला, चपला काढल्या. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ओठ घट्ट मिटून ती मशीनकडे वळली.

मागून मोठ्याने, खिडकीपाशी सांगावं तसं, त्याने सांगितलं:

"विनीत धर्मराज भोपी."

मग आत जाऊन माठातून आपल्या हाताने पाणी घेतलं.