पायदान नसलेली मोटार

माझ्या सासरी, वर्ध्याला, दोन विलायती मोटारी होत्या. एक आजेसासऱ्यांच्या काळची, उंच, काळी, कापडी टपाची. भोंगा रबरी आणि आवाज रेडक्याचा. दुसरी सासऱ्यांनी स्वातंत्र्यानंतर घेतलेली, बुटकी, गुळगुळीत, आत चकचकीत लाकूड आणि कातडी गाद्या. जुनीत माणूस पायरी चढून ताठ बसायचा. नवीत वाकून, आधी डोकं घालून शिरावं लागे आणि माझा पदर हमखास घसरायचा. सासरे नवीचं कौतुक करताना थकत नसत. मला जुनीच आवडायची. तिच्या दाराखाली रुंद पायदान होतं आणि त्यावर सामान ठेवायची पितळी जाळी.

माझे बाबा समुद्रपूरकडचे शेतकरी. जुन्या मोटारीत बसताना ते वहाणा काढून त्या जाळीत ठेवायचे. गालिच्यावर वहाणा म्हणजे देवळात वहाणा, असा त्यांचा हिशेब. उतरले की वहाणा तिथेच हजर.

सातव्या महिन्यात माझी ओटी भरायची ठरली, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना आणायला मानाने नवी मोटार पाठवली. बाबांनी सवयीने वहाणा काढल्या, दाराखाली ठेवल्या आणि वाकून आत बसले. नवीला पायदानच नव्हतं. निम्म्या वाटेत त्यांच्या ध्यानात आलं, पण व्याह्यांची मोटार मागे फिरवा असं म्हणायचं कसं?

वर्ध्याला अंगणात सगळा गोतावळा उभा होता. मोटारीतून पांढरंशुभ्र धोतर उतरलं आणि त्याखाली दोन भेगाळलेले, अनवाणी पाय. जावांनी तोंडाला पदर लावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बापाची मला लाज वाटली.

सासूबाईंनी विचारलं, "काऊन जी, अनवाणी? पोरीसाठी नवस बोलले काय?"

त्या सांभाळून घेत होत्या की टोचत होत्या, कोण जाणे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना दिसलाच असणार.

"हो जी," ते म्हणाले. "इचं बाळंतपण सुखरूप होयेपर्यंत पायात काई घालत नाई."

जावांचे पदर खाली आले. बाबांना पाट मिळाला, मान मिळाला. मी सुटले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी त्यांच्यासोबतच गावी आले. शेजाऱ्यांनी वहाणा उचलून आमच्या दारात ठेवल्या होत्या. बाबा त्या ओलांडून आत गेले. वैशाख लागला. काळी माती तव्यासारखी तापली, त्यात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचे राहिलेले खुंट. संध्याकाळी ते ओसरीवर बसून तळव्यातले काटे काढायचे. मला बघवेना. एकदा मी वहाणा त्यांच्यापुढे नेऊन ठेवल्या.

"बाबा, घाला ना. इथं कोण पाह्यते? नवस नोताच, मले माहीत हाये."

"नोता, माय," ते म्हणाले. "पण तुह्या लेकरासाठी बोललो ना. आता हाये."

वहाणा उचलताना मला वर बघवलं नाही.