कमी उजेडात नस दाखवणारी माया

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका स्कॅन सेंटरात सीटीचं मशीन एकच आहे, पण ते चालवणाऱ्या माया भालेरावचे आवाज मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं संपतील. मशीनबरोबर कंपनीने एक बाईही कोंबून पाठवली होती, रेकॉर्ड केलेली. 'कृपया साँस अंदर लीजिए... रोकिए,' हे ती इतक्या थंडपणे म्हणायची की पेशंटला वाटावं, झालं, आता आपलं काही खरं नाही. मायाने पहिल्याच महिन्यात तिचं तोंड बंद केलं आणि माईक स्वतःकडे घेतला.

कापडवाला सिंधी शेठ टेबलावर आडवा झाला की, "साईं, थोडी हवा अंदर, बस, अब शटर डाउन!" बदलापूरचे निवृत्त अधिकारी आले की, "सर, श्वास घ्या. थांबा. थँक्यू सर," अगदी फाईलवर सही घेतल्यासारखं. कॉलेजातली पोरगी आली की, "सेल्फीला पोट आत घेतेस ना? तस्संच. फक्त पोट राहू दे, श्वास धर."

हे सोंग गंमत म्हणून सुरू झालं आणि मग धंद्याच्या कामाला आलं. हृदयाच्या नसांचा फोटो काढायचा, पण हृदय काही थांबवता येत नाही. ते दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर विसावतं. ठोके मिनिटाला साठाच्या आसपास असले तर मशीन नेमकं त्या विसाव्यातच किरणं सोडतं आणि थोडक्यात काम भागतं. ठोके नव्वदवर गेले की विसावा सापडत नाही. मग हृदय पूर्ण धडधडून होईपर्यंत किरणं चालूच ठेवायची आणि त्यातून बरं चित्र निवडायचं. डोस चौपट-पाचपट. म्हणजे घाबरलेल्या माणसाला जास्त किरणं आणि शांत माणसाला कमी. हा कुठला न्याय, असं मायाला वाटायचं. म्हणून ती आधी माणूस शांत करायची, मग मशीन चालवायची.

ही खोड तिला गुरुदत्त सरांनी लावली. डिप्लोमा झाल्यावर ती त्यांच्या हाताखाली एक्स-रे शिकली. सर नाकात बोलायचे आणि माया त्यांचं वाक्य अजून तसंच नाकात म्हणून दाखवते : "माया, फिल्म होती तोवर देव होता. डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची, चूक भिंतीवर टांगलेली दिसायची. आता डोस जास्त झाला की चित्र आणखी छान येतं. चूक करणाऱ्यालाच शाबासकी!"

ही शाबासकी तिला नको होती. पण त्या मंगळवारी सेंटरचे डॉक्टर अवधूत दारात उभे राहिले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ही त्यांची वाईट बातमी सांगायची पद्धत.

"माया, गेल्या आठवड्यात दोन फोटो धूसर आले. दोघांना परत झोपवलं, परत नस उजळवणारं औषध टोचलं, परत किरणं. तू जेवढी वाचवलीस त्याच्या दुप्पट गेली."

"दोघांचे ठोके मध्येच पळाले, सर."

"पळणारच. हृदय आहे ते, पाळलेलं मांजर नाही. डोस किती दिला हे मला कोणी विचारत नाही, पण धूसर का आला हे सगळे विचारतात. आज पुन्हा रिपीट करावा लागला, तर उद्यापासून सरसकट मोठा डोस. बारीक असो, जाडा असो, ठोके साठ असोत की शंभर. मी सेटिंगच लॉक करून टाकतो."

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. पण लॉक म्हणजे लॉक. मायाच्या डोळ्यांसमोर पुढची सगळी रांग आली. पस्तिशीतले, चाळिशीतले, उगाच पाचपट किरणं खाणारे. एवढ्यात काउंटरवरच्या कमलेशने आरोळी दिली, "दीदी, हार्टवाला पेशंट भेज रहा हूँ! चामटोली से आया है, चप्पल बाहर निकाली, टोपी निकालने को तैयार नहीं!"

नाथा आत आला. वय एक्केचाळीस, काटकुळा, डोक्यावर कंपनीची निळी टोपी. रात्रपाळीत जिना चढताना छातीत धरायला लागलं, म्हणून कंपनीच्या डॉक्टरने धाडला होता.

"मना काय नाय झालाय, बाय," तो टेबलावर बसता बसताच म्हणाला. "तो बोल्ला फोटू कार, म्हनून आलो."

"मग काढू. टोपी माझ्याकडे द्या, साहेबांच्या नजरेत ठेवते."

तो हसला आणि टोपी सुटली. तासापूर्वी दिलेल्या गोळीने ठोके बासष्टवर आले होते. छातीवर पट्ट्या चिकटवल्या, हातात सुई लावली. वजन पंचावन्न किलो. किरणांचा जोर केव्हीत मोजतात. माया मनात म्हणाली, हा तर शंभर केव्हीचा माणूस. जाड्या माणसाला एकशेवीस लागतात, याच्या अंगातून शंभरही आरपार जातील. चित्र थोडं दाणेदार येईल, पण नसेतलं औषध उलट जास्त उठून दिसेल. खोलीत एका ट्यूबने माणूस ओळखू येत असेल तर पाच कशाला लावायच्या?

काचेमागे येऊन तिने सराव घेतला. "नाथादादा, श्वास घ्या... रोखा."

मशीन टिटटिट करायला लागलं आणि नाथाचे खांदे कानाला लागले. हनुवटी छातीत, छाती फुगून घागर, टाचा टेबलाला रोवलेल्या. आकडा बासष्टवरून अठ्ठ्याऐंशीवर.

पुन्हा घेतला. एक्याण्णव.

"मोठ्यावर टाक," मागून डॉक्टर म्हणाले.

"सर, पाच मिनिटं."

"तीन."

माया आत गेली. त्या टाचा तिने कुठेतरी पाहिल्या होत्या. तिचे वडील सुदाम अंबरनाथ एमआयडीसीत तेवीस वर्षं कामाला होते. घरात कुकरची शिट्टी झाली तरी ते अस्सेच खुर्चीतून अर्धे उठायचे.

"दादा, कंपनी कुठली? केमिकल ना?"

"व्हय. अंबरनाथ."

"गॅस गळाला की काय शिकवलंय?"

नाथा पाठ म्हणून दाखवावं तसा बोलला, "भोंगा वाजला का श्वास रोखाचा, वारा बघाचा, वाऱ्याला आडवा पलाचा."

"म्हणजे आत्ता तुम्ही पळायला निघाला होतात."

"आता मशीन वाजते, वर तू बोलतंस श्वास रोख," नाथा ओशाळला. "पाय आपोआप निघतात, बाय. अठरा वर्सांची सवय."

माणूस घाबरला नव्हता. माणूस शिकवलेलं चोख करत होता! मायाला हसूही आलं आणि हुरूपही. म्हणजे 'रोखा' हा शब्दच याच्यापुढे काढायचा नाही.

"सुट्टीच्या दिवशी काय करता?"

"नदीवर जातो. गल टाकतो."

"आणि मासा गळाशी आला की?"

"गप बसतो. श्वास पन नाय घेत." तो थांबला. "साडू असतो संगती. तोच हलूच बोलतो, 'नाथ्या, दोरा हालला.'"

"कसा बोलतो? बोलून दाखवा बरं."

नाथाने घोगऱ्या आवाजात, ओठ न हलवता बोलून दाखवलं. मायाने एकदा मान हलवली. ऐकलं की तिच्या घशात बसतंच.

"आता ऐका. हे टिटटिट होईल, तो भोंगा नाही. अंगातून गरम लाट जाईल, ती गळती नाही, आपलंच औषध आहे. तुम्ही नदीवर आहात."

काचेमागे आल्यावर तिने माईक तोंडाशी धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "नाथ्या... दोरा हालला."

नाथा टेबलावर गदगदून हसला. "आयला, साडूच की ह्यो!" आकडा शहाण्णव.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "छान. आता नकलांचा कार्यक्रम तिकीट लावून करू. टाक मोठ्यावर."

"हसू निघून गेलं, सर. आता परत नाही येणार," माया म्हणाली. तिला तेवढी खात्री होती. तिच्या नकलेला माणूस पहिल्यांदा हसतो, दुसऱ्यांदा नुसता ऐकतो. "नाथ्या. दोरा हालला."

नाथाचे डोळे अर्धे मिटले. अर्धा श्वास आत जाऊन तिथेच थांबला. टाचा सैल. सत्तर. चौसष्ट. एकसष्ट. एकोणसाठ.

मायाने त्याला श्वास सोडायला सांगितला. "शंभरवर घेते," ती डॉक्टरांना म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. म्हणजे पुढचं सगळं तिच्या माथी. तिने औषध सोडलं. नाथाच्या भुवया गरम लाटेने किंचित वर गेल्या, पण खांदे जागचे हलले नाहीत. "नाथ्या... दोरा हालला." मशीन वाजलं, टेबल सरकलं, थांबलं, सरकलं, थांबलं. एकोणसाठ. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

"सोडा श्वास. झालं, दादा."

चित्र पडद्यावर आलं तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून इतके पुढे सरकले की नाक पडद्याला लागायचं बाकी. वर कोपऱ्यात डोसचा आकडा होता, गेल्या आठवड्यातल्या रिपीटवाल्यांच्या सातव्या हिश्श्याइतका.

"दाणे आहेत," डॉक्टर म्हणाले.

"आहेत."

"हं." त्यांनी चित्र फिरवलं, मोठं केलं, परत फिरवलं. "डावी मोठी नस... कडा स्पष्ट. तिची फांदी, स्पष्ट. उजवीत थर साचलाय. तीसेक टक्के." त्यांनी चष्मा कपाळावर नेला नाही. "गोळ्यांवर भागेल. नळी-बिळी घालायची गरज नाही. त्याला सांग, जिना हळू चढ, विडी बंद."

"म्हणजे रिपीट नको?"

"दिसतंय ते परत कशाला काढायचं?"

नाथाला तिने आत जाऊन सांगितलं. त्याने आधी टोपी घातली, मग नीट विचारलं, "कामावर जाऊ ना मी?" कंपनीचा डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवेल, पण रिपोर्ट घाबरवणारा नाही, असं ती म्हणाली. विडीचं ऐकताना मात्र तो छताकडे बघत राहिला.

ती परत आली तेव्हा डॉक्टर सेटिंगचं पान उघडून बसले होते. लॉकचं बटण समोरच होतं. डॉक्टरांनी ते पान बंद केलं आणि पुढचा कागद ओढला.

"पुढच्या बाईंचं वजन किती?"

"अठ्ठेचाळीस."

"ठोके?"

"त्रेसष्ट. अजून सराव घ्यायचाय."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "मग शंभर तरी कशाला? ऐंशीवर जमेल?"

माया माईक पुसत म्हणाली, "बाई कुठल्या आहेत, ते आधी कळू दे. मग जमवते."