जवाईबापूंनी प्लेअर रिस्टोअर केला

चहा आधी खाली ठेवा भाऊ. मागच्या वेळी हा किस्सा ऐकता ऐकता एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तो नेमका माझ्या शर्टावर आला. दिसत नसलं तरी गरम लागते ना!

हो, मले दिसत नाही. लहानपणापासूनच. पण "अरेरे, बिचारा" म्हणायचं काम नाही. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला का लोक माझ्याच घरी येतात. माझ्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर आहे. म्हणजे पडद्यावर जे लिहिलं असते ते मशीनची एक बाई वाचून दाखवते, मराठीत. मी बटणं दाबतो, बाई बोलते, काम होते.

आणि मी त्या बाईले बोलवतो किती स्पीडनं? एकदम टॉप! पंधरा वर्षांपासून. नवीन माणसानं ऐकलं तर त्याले वाटते तेलात मोहरी तडतडून राहिली. मले मात्र शब्द न् शब्द कळते. कानाचा मले भारी गर्व. शेजारच्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते मी त्यांच्या आधी सांगतो. हा गर्व लक्षात ठेवा, पुढं त्याचं काय झालं ते सांगतोच.

तर झालं असं का माझ्या साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं, पल्लवीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलाकडचे कन्हानचे. माझे सासरे खाप्याचे. आणि कार्यक्रम कुठं? हुडकेश्वरले, आमच्या घराबाजूच्या रिकाम्या प्लॉटवर! काहून? तर माझ्या बायकोचा, वंदनाचा, हट्ट. मांडव टाकला, खुर्च्या लावल्या आणि लेआउटचा तो चाकांवाला मोठा स्पीकर आणून आमच्याच कंपाउंडच्या भिंतीले टेकवून उभा केला.

आता माझे सासरे, मामाजी. माणूस सोन्यासारखा. पण गातात! गाणं स्वतः लिहितात, चाल स्वतः लावतात आणि गाता गाता स्वतःच गहिवरतात. पोरीच्या साक्षगंधासाठी त्यांनी खास स्वागतगीत रचलं होतं. पेटी-तबल्याची साथ एका छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये भरून घेतली होती आणि तो प्लेअर महिनाभर गळ्यात अडकवून फिरत होते. त्या साथीशिवाय मामाजींले सूर सापडत नाही. (साथ असली तरी सापडत नाही, पण हे आपल्यातच ठेवा.)

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी दहाले मामाजी माझ्या खोलीत आले. आवाज एकदम पडलेला.

"जवाईबापू, हे तर बंद पडलं. बटण दाबून राहिलो, तर नुसतं थरथरून राहिलं."

मी प्लेअर हातात घेतला, दाबून पाह्यला, डॉक्टरसारखं "हं" केलं. "अटकला आहे मामाजी. रिस्टोअर मारावं लागते."

"म्हणजे?"

"सगळं पुसून टाकायचं. नवा होता तसा करायचा. मग गाणी परत भरायची."

"पुसून?" मामाजींचा श्वास थांबला तो मले ऐकू आला. "माझं गाणं?"

"अहो, तुमच्या सगळ्या गाण्यांची कॉपी माझ्या लॅपटॉपवर आहे ना! तुम्हीच तर भरून घेतली. बाराच्या आत प्लेअर तुमच्या गळ्यात."

"बारालेच गायचं आहे जवाईबापू. घरातलं शेवटचं कार्य आहे. मी सगळ्या खाप्यात सांगून आलो का गाणार म्हणून. नाही गायलो तर तोंड दाखवायले जागा नाही."

"मामाजी, जवाई कोणाचा आहे?" मी म्हटलं. अशा फोकनाड्या मारायले मले फार आवडते.

खोलीचं दार लावलं. खिडकीतला कूलर फुल केला. मे महिना होता, इलाजच नव्हता. आमचा कूलर सुरू झाला का घरात पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटते. प्लेअर वायरनं लॅपटॉपले जोडला. बाई बोलली, "उपकरण जोडलं." छान! रिस्टोअरचा प्रोग्राम उघडला. आणि बाई एकदम गप्प.

"काय झालं वं तुले?" मी विचारलं. कधी कधी ती अशी रुसते. म्हणून बाईले बंद करून पुन्हा चालू केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. तिसऱ्यांदा केलं. तरी चूप.

मग मले वाटलं, एवढ्या स्पीडनं बोलून बोलून हिचा गळा अटकला असेल. म्हणून स्पीड कमी केला. खाली, आणखी खाली, एकदम तळाले. तरी नाही. मग आवाज वाढवला. वाढवला, वाढवला, फुल करून टाकला. बाईले आणखी तीनदा बंद-चालू करून पाह्यलं. लॅपटॉप तसाच मुका.

इकडं मांडवात मात्र कोणीतरी बाई माइकवर बोलून राहिली होती. कूलरच्या घरघरीत शब्द कळत नव्हते, पण थांबून थांबून, एकेक शब्द चावून, शाळेतल्या हेडबाईसारखी बोलत होती. म्हटलं, कोण आहे बाप्पा ही? कन्हानवाल्यांची आत्या असेल. ही अशीच बोलत राहिली तर वडाभात संध्याकाळी मिळते.

आता तुमच्यासारखा माणूस काय करेल? दार उघडून कोणाले तरी हाक मारेल. माझा साळा राजू बाहेरच होता. "राजू, पडद्यावर काय दिसते सांग बरं," एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी म्हणू? दिसणाऱ्या माणसाची मदत घेऊ, आणि तेही सासरवाडीच्या माणसाची? जमलंच नसतं मले.

आणि गरजच काय? आमचं सगळं काम मोजणीवर चालते. तीनदा टॅबचं बटण दाबलं का रिस्टोअर. मग एंटर. मग प्रोग्राम विचारते, खरंच करू का? मग एक टॅब, एक एंटर. सगळं पाठ! टॅब, टॅब, टॅब, एंटर. मग पुढचा टॅब मारला, तिथं जरा शंका आली का टॅब एक जास्त पडला. म्हणून मागं गेलो, पुढं आलो, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. 

मांडव एकदम शांत झाला. मग बाईमाणसाचं एक ओरडणं ऐकू आलं. मी आणखी एकदा मागं गेलो आणि देवाचं नाव घेऊन एंटर ठोकलं. मग टाळ्या! म्हटलं, चला, कार्यक्रम रंगला.

थोड्या वेळानं प्लेअर हातातल्या हातात एकदाच थरथरला आणि थांबला. रिस्टोअर झाला! बाईच्या मदतीशिवाय! मी एकट्यानंच खोलीत टाळी वाजवली. ऐकायले कोणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

आता गाणी भरायची. इथं आमची एक पद्धत सांगतो. आम्ही फोल्डरले नाव असं देतो का पहिलं अक्षर दाबलं का सीधं तिथं पोचलं पाहिजे. आणि आत काय आहे ते नावातच लिहून टाकतो, म्हणजे उघडून ऐकायची भानगड नाही. आणि ते नाव ऐकणार कोण? मी एकटा! बाकीच्यांले तर मोहरीच. मग लाजायचं कशाले? मी नावं खरीखुरी दिली होती भाऊ.

"र" दाबलं. ऐकू काही येत नव्हतं, म्हणून अंदाजानं बाण दाबत वर गेलो, खाली आलो. बाहेर हशा. एक बाण खाली, हशा. आणखी एक खाली, मोठा हशा. एक फोल्डर उघडलं, आतही दोन-तीन बाण मारले, तर बाहेर लोक लोळून राहिले! मले वाटलं, कन्हानची आत्या भलती विनोदी निघाली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. वंदना.

"अहो, हात काढा! त्याच्यावरून आधी हात काढा!"

"काय झालं वं? रिस्टोअर झालं, फक्त गाणी..."

"तुमची बाई बाहेर बोलून राहिली!"

"माझी कोणती बाई?"

"लॅपटॉपची बाई! मांडवात! स्पीकरवर!"

मग आठवलं. गणपतीत आरती लावायले मीच हा लॅपटॉप त्या स्पीकरले ब्लूटूथनं जोडला होता. राजूनं सनई लावायले स्पीकर सुरू केला, स्पीकरनं जुनी ओळख काढली आणि माझी बाई भिंत ओलांडून तिकडं गेली. आणि मी भैताड! तिचा स्पीड कमी केला, तिचा आवाज फुल केला! पंधरा वर्षं जिले रोज ऐकून राहिलो तिचा आवाज मले ओळखू आला नाही, कारण इतकं हळू मी तिले कधी बोलूच दिलं नव्हतं. हा माझ्या कानाचा गर्व!

"काय काय बोलली ते सांग," मी म्हटलं.

"मुलाकडचे मांडवात पाय ठेवून राहिले होते, तेव्हा म्हणाली, स्वागत आहे. तीनदा! मुलाच्या वडिलांनी स्पीकरले हात जोडले."

"सुरू झाली का ती तेच म्हणते. हे तर चांगलंच झालं."

"ऐका पुढं. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी विचारलं, दोन्हीकडून पसंती पक्की ना? तर ही म्हणते, आपली खात्री आहे का? सर्व काही पुसलं जाईल. होय, बटण. रद्द करा, बटण. होय, बटण. रद्द करा, बटण. मुलाची आई ओरडली, रद्द कोण म्हणून राहिलं? पल्लवी रडकुंडीले आली. मग एकदाची होय म्हणाली, तेव्हा टाळ्या पडल्या."

"राजू काय करून राहिला होता? बंद काहून नाही केला स्पीकर?"

"तो सगळ्यांत जास्त हसून राहिला होता. मग तुम्ही फोल्डर काढले आणि त्याचं हसू बंद झालं. राजूचे बहाणे!"

मी उठून कूलर बंद केला.

"सायबाची पिरपिर. बायकोच्या सूचना, भाग सहा."

भाग सातही आहे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"आणि मग बाबांचं आलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला.

ते मले सांगायची गरज नव्हती. फोल्डर, रडगाणं मामाजींचं. आत फाइली. स्वागतगीत, पहिल्यांदा, खोकल्यासकट. स्वागतगीत, दुसऱ्यांदा, मागं कुत्रं भुंकते, कुत्रं बरं. स्वागतगीत, तिसऱ्यांदा, कोणी थांबवा यांले.

"मामाजी काय म्हणाले?"

"उपरणं तोंडाले लावून कोपऱ्यात बसून आहेत."

खरं सांगतो, फार वाईट वाटलं. महिनाभर तो माणूस गळ्यात प्लेअर अडकवून तेच एक गाणं घोकत होता. पोरीसाठी! आणि मी त्याच्या पाहुण्यांपुढं त्याचं हे करून ठेवलं. ब्लूटूथ बंद केलं, साथीची फाइल भरली, वंदनाचा हात धरला आणि मांडवात गेलो.

मामाजींच्या हातात प्लेअर ठेवला. "चुकलो मामाजी. पण झाला सुरू. गा तुम्ही."

"मी कशाले गाऊ?" मामाजी म्हणाले. राग नव्हता आवाजात, म्हणून जास्त लागलं. "पाहुण्यांनी माझं रडगाणं काहून ऐकावं? तुम्हीच गा जवाईबापू. पहिल्यांदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. शब्द तर तुम्हाले पाठच असतीन."

राजूनं माइक माझ्या हातात कोंबला. बदलाच घेतला त्यानं! साथ सुरू झाली. नाही कसं म्हणता? जवाई माणूस, सगळा मांडव समोर.

गायलो. आता काय सांगू कसा गायलो! पहिल्या कडव्यात तबला पुढं गेला आणि मी मागं राह्यलो. दुसऱ्या कडव्यात त्याले गाठायले गेलो तर त्याच्याही पुढं निघून गेलो. तिसऱ्यात वरचा सूर लावला, तर प्लॉटवरचं कुत्रं भुंकायले लागलं. देवाशपथ, भुंकलं!

संपलं. टाळी एक नाही. पहिल्या रांगेत मुलाचे आबाजी बसले होते. ऐंशीच्या वरचे, ऐकू कमी येते म्हणून बोलतात जोरात. त्यांनी नवरदेव नातवाले विचारलं, "काय गा, ते बाई सांगून राहिली होती, ते रडगाणं हेच का?"

"आबाजी, हळू!"

"हळू कशाले? बरोबर सांगत होती ते! कुत्रंच बरं!"

मांडव फुटला. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? मामाजी! हसता हसता खोकले, खोकता खोकता उठले, माझ्या हातातून माइक ओढून घेतला आणि गायले. तिन्ही कडवी, खोकल्यासकट. आणि काय टाळ्या पडल्या भाऊ! माझ्यानंतर गायलं का कोणीही उस्तादच वाटते. मुलाच्या आईनं पल्लवीले जवळ घेतलं, महाराजांनी टिळा लावला, आणि दोन वाजता आम्ही वडाभात खायले बसलो. मले वंदनानं वाढलं नाही, ते राजूनं वाढलं.

फोल्डरचं नाव मी त्याच दिवशी बदललं. आता ते "स्वागतगीत, मामाजी, सुरेख" असं आहे. "रडगाणं" नावाचा फोल्डरही अजून आहे, मामाजींनीच ठेवायले लावला. घरी पाहुणे आले का ते म्हणतात, "जवाईबापू, बाईले जरा हळू बोलवा, ते उघडा." त्यात एकच फाइल आहे, राजूनं मोबाइलवर भरलेली, माझ्या गाण्याची. तिचं नाव मामाजींनी सांगितलं आणि मी मुकाट्यानं टाइप केलं. "जवाईबापू, पहिल्यांदा आणि शेवटचं."