ताऱ्याचा आकार

सभागृहातल्या पडद्यावर मी काढलेलं ताऱ्याचं चित्र दिसलं आणि मी सावरून बसले. वेगानं गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं चुंबकक्षेत्र पट्टीचुंबकासारखं सरळ नसतं, एका बाजूला कललेलं, पिळवटलेलं असतं, हे त्याच्या क्ष-किरणांच्या लुकलुकण्यावरून मी हुडकलं होतं. शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण सुमेधा तेव्हा रोज विचारायची, "जुळलं का गं?"

आज व्यासपीठावर तीच उभी होती. "हा आकार मला सुचला," ती शांतपणे म्हणाली. माझं नाव आलंच नाही.

कुणी कधी जवळून न पाहिलेल्या ताऱ्याची घडण मी नुसत्या उजेडावरून ओळखली. शेजारचा चेहरा मात्र मला वाचता आला नाही.

टाळ्या सुरू झाल्या. सवयीनं माझेही हात उचलले गेले. ते मी मांडीवर घट्ट दाबून धरले.